क्रूसाचे ईश्वरविज्ञान

क्रूसाचे ईश्वरविज्ञान ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना आहे. देवाची खरी ओळख सामर्थ्याच्या, वैभवाच्या किंवा विजयाच्या प्रदर्शनातून होत नाही. ती क्रूसावर खिळलेल्या येशूच्या दुःखातून व दुर्बलतेतून होते, असे या संकल्पनेचे प्रतिपादन आहे. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की, ख्रिस्ती माणसाच्या किंवा मंडळीच्या जीवनाचे मोल बाह्य यशावर ठरत नाही. संपत्ती, प्रतिष्ठा, अनुयायांची संख्या, वक्तृत्व, आरोग्य यांपैकी कोणतीही गोष्ट देवाच्या कृपेचा पुरावा ठरत नाही आणि त्यांचा अभाव हा देवाच्या अवकृपेचाही पुरावा ठरत नाही.

या विचाराचा उगम पहिल्या शतकातील प्रेषित पौलाच्या पत्रांत आहे. त्यास स्वतंत्र नाव व सूत्रबद्ध रूप जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी १५१८ मध्ये दिले. विसाव्या शतकात दोन महायुद्धांच्या अनुभवानंतर त्याची नव्याने मांडणी झाली. दुःख सोसण्याचा उपदेश अन्यायाला पाठीशी घालतो काय, हा प्रश्नही याच काळात तीव्रतेने विचारला गेला.

संज्ञा

लॅटिन भाषेत या संकल्पनेस ‘थिओलॉजिया क्रुसिस’ असे म्हणतात. तिच्या विरुद्ध टोकास ‘थिओलॉजिया ग्लोरिए’ म्हणजे ‘गौरवाचे ईश्वरविज्ञान’ ही संज्ञा वापरली जाते. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘ईश्वरविज्ञान’ या शब्दाऐवजी ‘ईशज्ञान’ हा शब्दही आढळतो.

‘क्रूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून तो विशेषतः कॅथलिक समाजात रूढ आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतील मराठी बायबलमध्ये त्याऐवजी ‘वधस्तंभ’ हा शब्द योजलेला आहे. दागिन्यात किंवा मंदिराच्या शिखरावर दिसणारे चिन्ह मुळात देहदंडाचे साधन होते, ही गोष्ट ‘वधस्तंभ’ या शब्दात उघडपणे व्यक्त होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रोमन साम्राज्यात क्रूसावर खिळणे ही गुलाम, बंडखोर व दरोडेखोर यांना दिली जाणारी शिक्षा होती. रोमन नागरिकांना ती सहसा दिली जात नसे. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड इ. स. पू. ७१ मध्ये मोडून काढल्यावर सुमारे ६,००० बंडखोरांना कापुआ ते रोम या राजमार्गाच्या कडेने क्रूसांवर चढविण्यात आले. मृत्यूइतकीच सार्वजनिक विटंबना हाही या शिक्षेचा हेतू होता. ज्यू समाजाच्या दृष्टीने तिला आणखी एक अर्थ होता. अनुवादाच्या ग्रंथात झाडावर टांगलेला मनुष्य शापित मानला आहे, आणि पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ३) याच वचनाचा आधार घेऊन येशूच्या मृत्यूचा अर्थ लावला आहे.

अशा रीतीने मारल्या गेलेल्या माणसाला प्रभू मानणे तत्कालीन जगाला किती विचित्र वाटत होते, याचा एक पुरावा रोममधील पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडला. भिंतीवर ओरखडून काढलेल्या या चित्रात गाढवाचे डोके असलेली एक आकृती क्रूसावर दाखविलेली आहे व तिच्यापुढे एक मनुष्य हात वर करून उभा आहे. अलेक्सामेनोस नावाचा हा मनुष्य आपल्या देवाची उपासना करीत आहे, अशा आशयाची ओळ खाली ग्रीक भाषेत लिहिलेली आहे. हे टिंगलीचे चित्र साधारणतः इ. स. २०० च्या सुमाराचे मानले जाते. क्रूसावरील येशूच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांत त्याची गणना होते.

बायबलमधील आधार

शुभवर्तमाने : मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपल्या येऊ घातलेल्या दुःखाविषयी व मृत्यूविषयी तीन वेळा सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्यांचा गैरसमज होतो. पहिल्या वेळी पेत्र त्याचा निषेध करतो. दुसऱ्या वेळी आपल्यात थोर कोण, यावर शिष्यांचा वाद झालेला असतो. तिसऱ्या वेळी याकोब व योहान हे भाऊ त्याच्या वैभवात उजवी-डावीकडची आसने मागतात. राज्यकर्ते लोकांवर सत्ता गाजवितात, पण शिष्यांमध्ये थोर होऊ पाहणाऱ्याने सर्वांचा सेवक व्हावे, असा येशूच्या उत्तराचा आशय आहे (मार्क, अध्याय १०). दोन तांब्याची नाणी दानपेटीत टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग (मार्क, अध्याय १२), शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग (योहान, अध्याय १३) आणि जमिनीत पडून मेल्यावाचून फळ न देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त (योहान, अध्याय १२) हेही याच सूत्रात गुंफलेले आहेत. अरण्यातील परीक्षेच्या कथेत येशू तीन गोष्टी नाकारतो : धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून लोकांना दिपविणे आणि जगातील राज्यांचे वैभव स्वीकारणे. नंतरच्या काळातील भाष्यकारांनी या तीन मोहांचा अर्थ गरजपूर्ती, चमत्कार व सत्ता असा लावला आहे.

पौलाची पत्रे : करिंथ हे नगर रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते. ज्युलियस सीझरने इ. स. पू. ४४ मध्ये ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसविले. नव्या वसाहतीत मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. व्यापारामुळे नवी श्रीमंती आली होती आणि वक्तृत्वाला, घराण्याला व मानमरातबाला फार महत्त्व होते. येथील ख्रिस्ती मंडळीत आवडत्या उपदेशकांवरून तट पडले, तेव्हा पौलाने इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास आपले पहिले पत्र लिहिले. क्रूसाचा संदेश ज्ञानाच्या शोधात असलेल्यांना मूर्खपणा व चिन्हे मागणाऱ्यांना अडखळण वाटतो. तथापि देवाचे सामर्थ्य त्यातच आहे, असे प्रतिपादन त्याने पहिल्या अध्यायात केले. मंडळीतील बहुतेक लोक कुलीन वा बलवान नव्हते, याची आठवणही त्याने करून दिली.

दुसऱ्या पत्रात हा विषय वैयक्तिक होतो. प्रभावी वक्तृत्व, शिफारसपत्रे व दृष्टान्त यांची मातबरी सांगणारे काही प्रचारक करिंथ येथे आले होते. त्यांच्या तुलनेत पौल दिसण्यात व बोलण्यात फिका पडतो, अशी टीका होत होती. उत्तरादाखल पौलाने आपल्या कर्तबगारीऐवजी आपल्या हालांची यादी दिली : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, तीन वेळा जहाज फुटणे, उपासमार व थंडी. या यादीच्या शेवटी दिमिष्क नगराच्या तटावरून पाटीत बसून खाली निसटल्याची आठवण येते. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या सैनिकाला मुकुट देऊन गौरविण्याची प्रथा होती. तटावरून खाली उतरल्याची कथा सांगून पौलाने या गौरवाचे जाणीवपूर्वक विडंबन केले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुढच्याच अध्यायात देहातील एका काट्याचा उल्लेख येतो. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा प्रार्थना केली, पण तो दूर झाला नाही. देवाचे सामर्थ्य दुर्बलतेत पूर्णत्वास येते, हे उत्तर त्याला मिळाले. हा काटा म्हणजे आजार, छळ की अन्य काही, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्तस्तोत्रात देवस्वरूप असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले व क्रूसावरील मरणापर्यंत आज्ञापालन केले, असे वर्णन आहे. या रिक्त होण्यास ग्रीक शब्दावरून ‘केनोसिस’ म्हणतात.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा

इ. स. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली आणि पुढे तो राजाश्रयी धर्म झाला. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून ख्रिस्ताची चिन्हे सैन्याच्या निशाणांवर व नाण्यांवर येऊ लागली. ज्या सत्तेने येशूला मारले, तिच्याच विजयाचे प्रतीक क्रूस बनला. याच शतकात ईजिप्त व सिरियाच्या वाळवंटांत संन्यस्त जीवनाची चळवळ फोफावली. ख्रिस्ती असणे आता धोक्याचे राहिले नसल्याने हुतात्म्यांच्या त्यागाची जागा स्वेच्छेने पत्करलेल्या दारिद्र्याने घेतली, असा या चळवळीचा एक अर्थ लावला जातो.

असिसीचे संत फ्रान्सिस (निधन १२२६) हे कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचे पुत्र होते. वडिलांची संपत्ती व अंगावरचे कपडेही परत करून त्यांनी भिक्षेचे जीवन पत्करले आणि आपल्या अनुयायांना ‘लहान बंधू’ हे नाव दिले. पंधराव्या शतकात थॉमस ए केम्पिस यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तानुकरण’ या ग्रंथाने नम्रता व क्रूसवहन यांचा आदर्श सामान्य वाचकांपर्यंत नेला.

मार्टिन ल्यूथर व हायडेलबर्ग येथील वाद

ल्यूथर यांनी पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ सिद्धान्त ऑक्टोबर १५१७ मध्ये मांडले. पुढच्या वर्षी, एप्रिल १५१८ मध्ये, ऑगस्टिनियन संघाची सभा हायडेलबर्ग येथे भरली. संघप्रमुख योहान फॉन श्टाउपित्स यांच्या सूचनेवरून ल्यूथर यांनी चर्चेसाठी ४० सिद्धान्त तयार केले. त्यांपैकी २८ ईश्वरविज्ञानविषयक व १२ तत्त्वज्ञानविषयक होते. पापक्षमापत्रांचा वाद त्यात प्रत्यक्ष घेतला नव्हता. श्रोत्यांमध्ये मार्टिन बुत्सर हा तरुण डॉमिनिकन भिक्षू होता. तो पुढे स्ट्रासबर्ग येथील धर्मसुधारणेचा नेता झाला.

एकोणीस ते एकवीस क्रमांकाच्या सिद्धान्तांत दोन प्रकारच्या ईश्वरशास्त्रज्ञांतील भेद येतो. गौरवाचा ईश्वरशास्त्रज्ञ सृष्टीतील व मानवी कर्तृत्वातील भव्यतेच्या पायऱ्या चढत देवापर्यंत पोहोचू पाहतो. देव बलवान असल्याने बलवानांच्या पक्षात आणि यशस्वी माणसांच्या यशात तो दिसेल, हे त्याचे गृहीत असते. परिणामी तो वाइटाला चांगले व चांगल्याला वाईट म्हणू लागतो. क्रूसाचा ईश्वरशास्त्रज्ञ देवाला त्याने स्वतः निवडलेल्या जागी, म्हणजे दुःखात व लज्जेत पाहतो आणि म्हणूनच वस्तुस्थितीला तिच्या खऱ्या नावाने संबोधू शकतो. येथे ल्यूथर यांनी निर्गम ग्रंथातील एका कथेचा आधार घेतला आहे. मोशेला देवाचे मुख पाहता आले नाही, केवळ त्याची पाठ दिसली. त्याचप्रमाणे क्रूस ही देवाची ‘पाठ’ होय. देव तेथे प्रकट होतो, पण आपल्या विरुद्ध रूपात झाकलेला असतो.

अठ्ठाविसाव्या सिद्धान्तात या विचाराचा गाभा येतो. माणसाचे प्रेम आवडण्याजोगे काही दिसल्यावर जागे होते. देवाचे प्रेम आवडण्याजोगे काही शोधत नाही, तर ते निर्माण करते. त्यामुळे पापी, मूर्ख व दुर्बल माणसांवर देव प्रेम करतो, ते त्यांच्या गुणांमुळे नव्हे. कृपा कर्माने मिळविता येत नाही, या ल्यूथर यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताशी हा विचार थेट जोडलेला आहे. या दृष्टीने पाहता क्रूसाचे ईश्वरविज्ञान हा केवळ दुःखाविषयीचा उपदेश नसून देवाला ओळखण्याची एक पद्धती आहे.

आधुनिक काळ

फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात संत तेरेझा (१८७३–१८९७) वयाच्या पंधराव्या वर्षी दाखल झाल्या व चोविसाव्या वर्षी क्षयाने वारल्या. मोठी कृत्ये आपल्या आवाक्याबाहेरची आहेत हे मान्य करून लहानसहान कामे प्रेमाने करण्याचा ‘लहान मार्ग’ त्यांनी सांगितला. १९९७ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना धर्मपंडित ही पदवी दिली. जगाच्या दृष्टीने काहीही न घडलेल्या आयुष्याला मिळालेली ही मान्यता लक्षणीय मानली जाते.

वाल्टर फॉन लोएवेनिख यांनी १९२९ मध्ये ल्यूथर यांच्या क्रूसविषयक विचारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो विचार ल्यूथर यांच्या संपूर्ण चिंतनाचा पाया असल्याचे दाखविले. जर्मन धर्मोपदेशक डिट्रिख बोनहोफर (१९०६–१९४५) यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात, अनुयायित्वाची किंमत न मागणाऱ्या कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले. १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला सुरक्षित पोहोचले होते. तरी देशबांधवांच्या संकटात वाटेकरी न होता युद्धोत्तर उभारणीत भाग घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही, या विचाराने ते काही आठवड्यांतच जर्मनीस परतले. हिटलरविरोधी कटाशी असलेल्या संबंधांमुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. देव आपल्या सर्वशक्तिमत्तेने नव्हे, तर दुर्बलतेने व दुःखाने माणसाला साहाय्य करतो, हा विचार त्यांनी जुलै १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मांडला आहे.

जपानी विचारवंत काझो कितामोरी यांचा देवाच्या वेदनेविषयीचा ग्रंथ १९४६ मध्ये, युद्धात पराभूत झालेल्या जपानमध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांनी १९४३ च्या हॅम्बुर्गवरील बाँबहल्ल्यात आपल्या शेजारी उभा असलेला मित्र मरताना पाहिला आणि पुढे १९४८ पर्यंत ते युद्धकैदी होते. ‘क्रूसावर खिळलेला देव’ या १९७२ च्या ग्रंथात त्यांनी, देवाला दुःख स्पर्श करू शकत नाही, या प्राचीन मताला आव्हान दिले.

महाराष्ट्र व गोवा

मराठीत क्रूसाची कथा विस्ताराने प्रथम थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथात आली. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील दोन मराठी चरित्रे या विचाराच्या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना संस्कृत पांडित्यामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार स्त्रिया व मुली आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आश्रय दिला. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. व्याख्यानपीठावरील कीर्ती मागे ठेवून उत्तरायुष्य त्यांनी या कामात व बायबलच्या सुबोध मराठी भाषांतरात घालविले.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली व ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था सुरू केली. परकीय पैशावर व संस्थात्मक बळावर उभी असलेली मंडळी भारतीयांना ख्रिस्ताचे दर्शन घडवू शकणार नाही, ही त्यांची भूमिका होती. संत तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यामुळे त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताच्या आत्मसमर्पणाला भक्तिपरंपरेची भाषा लाभली. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले.

१९८० च्या दशकापासून अरविंद निर्मळ यांच्या लेखनातून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी झाली. येशूचा तिरस्कार, नकार व क्रूसावरील मृत्यू हे दलितांच्या अनुभवाशी नाते सांगतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. या मांडणीत दुर्बलता हा अंगी बाणविण्याचा गुण नाही. ती समाजाने लादलेली अवस्था आहे, आणि देव त्या अवस्थेतील माणसांच्या बाजूने उभा आहे.

आक्षेप व प्रतिपादन

फ्रीडरिख नीत्शे यांनी ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथात ख्रिस्ती नीतीला गुलामांची नीती म्हटले. दुर्बलांनी बलवानांविषयीच्या असूयेपोटी आपल्या असाहाय्यतेलाच सद्गुण ठरविले, असा त्यांचा आरोप होता.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. सहन करणे हेच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, असा उपदेश बहुधा बलवानांनी दुर्बलांना केला आहे. खुद्द ल्यूथर यांनी १५२५ च्या शेतकरी बंडाच्या वेळी शेतकऱ्यांच्या काही तक्रारी रास्त मानल्या. तरी दुःख सोसणे व क्रूस वाहणे हाच ख्रिस्ती माणसाचा हक्क आहे, असे त्यांना बजावले आणि नंतर बंड चिरडण्यास राजांना प्रोत्साहन दिले. व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० च्या एका निबंधात दाखविले की, अहंकार हे मूळ पाप व आत्मत्याग हा त्यावरील उपाय, हे समीकरण पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. ज्या स्त्रीला स्वतःचे असे काही राखूच दिले गेले नाही, तिला आणखी त्याग शिकविणे अपायकारक ठरते. कृष्णवर्णीय अमेरिकन विदुषी डिलोरिस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये, गुलाम स्त्रियांवर लादलेल्या दुसऱ्यांच्या वाट्याच्या कष्टांची आठवण देऊन, दुःखाला तारक मानण्यालाच विरोध केला.

या आक्षेपांना उत्तर देताना समर्थक काही भेद स्पष्ट करतात. पहिला भेद स्वेच्छेने केलेला त्याग आणि लादलेले दुःख यांतील आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपला प्राण कोणी हिरावून घेत नसून आपण होऊन देत असल्याचे सांगतो; मारहाण सोसणाऱ्या पत्नीची किंवा वेठबिगाराची स्थिती तशी नसते. दुसरा भेद असा की, दुःख स्वतः चांगले असल्याचे ही संकल्पना सांगत नाही. येशूने आजाऱ्यांना बरे केले व पौलाने काटा काढून टाकण्याचीच प्रार्थना केली. तिसरा मुद्दा वस्तुस्थितीला खरे नाव देण्याचा आहे. अन्यायाला देवाची इच्छा म्हणणे हे ल्यूथर यांच्याच निकषानुसार वाइटाला चांगले म्हणणे ठरते. जेम्स कोन यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात क्रूस आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांना झुंडीने फासावर लटकविण्याची झाडे यांची तुलना केली. क्रूसाकडे रोज पाहणाऱ्या गोऱ्या ख्रिस्ती समाजाला समोरच्या झाडावरचा क्रूस दिसला नाही, हे त्यांचे निरीक्षण या संकल्पनेच्या दुरुपयोगाइतकेच तिच्या टीकात्मक सामर्थ्यावरही प्रकाश टाकते.

मंडळीच्या जीवनातील स्थान

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बळावलेल्या व पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात पसरलेल्या ‘समृद्धीच्या सुवार्ते’त आरोग्य व संपत्ती ही श्रद्धेची फळे मानली जातात. क्रूसाच्या ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक तीत गौरवाच्या ईश्वरविज्ञानाचे आधुनिक रूप पाहतात. आजारी माणूस बरा झाला नाही तर त्याची श्रद्धाच अपुरी होती, असा निष्कर्ष त्यातून निघतो व दुःखावर अपराधभावनेचा भार चढतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे.

उपासनेत हा विचार पवित्र सप्ताहात ठळकपणे व्यक्त होतो. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, निवडीनंतर दोनच आठवड्यांनी, हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. पाय धुतलेल्या बारा जणांत दोन मुली होत्या, तसेच मुस्लीम बंदीही होते.